एम्पानादा आणि न आलेला फराळ

त्या दिवशी चहाच्या खोलीत डबा उघडला आणि मी भांडण काढलं. डबा माझा नव्हता. आयर्लंडमधल्या मलिंगारच्या ज्या इस्पितळात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो, तिथे ऑपरेशननंतर पेशंटची भूल उतरेपर्यंत त्याच्यापाशी बसणारी एक अर्जेंटिनाची नर्स आहे. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली, बोलायला फटकळ. अधूनमधून ती घरून काहीतरी करून आणते. त्या दिवशी तिच्या डब्यात अर्धचंद्रासारख्या, कडेला सुबक मुरड घातलेल्या, खरपूस भाजलेल्या वस्तू होत्या. आमच्या आयरिश सर्जननं एक उचलली आणि म्हणाला, "अरे वा, पास्टी!" मी म्हटलं, "पास्टी कसली? ही करंजी आहे." नर्स म्हणाली, "दोघंही गप्प बसा. ही एम्पानादा आहे."

मला गप्प बसता येत नाही, आणि शब्द दिसला की त्याचं कूळ विचारायची खोड आहे. एम्पानादा म्हणजे काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, स्पॅनिशमध्ये पान म्हणजे ब्रेड. एम्पानार म्हणजे ब्रेडमध्ये घालणं, गुंडाळणं. आणि एम्पानादा म्हणजे तशी गुंडाळलेली.

"आणि आत काय?"

"काहीही. मांस, मासे, कांदा, भोपळा. शब्दाला त्याची पडलेली नाही."

मूळ म्हणे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं, पोर्तुगालला लागून असलेल्या मुलखातलं. तिथे अजूनही परातीएवढी मोठी करतात आणि कापून खातात. काही लोक त्याच्याही मागे जातात आणि अरबांनी ती तिकडे नेली असं सांगतात, म्हणजे आपल्या समोशाच्याच भावकीतली. प्रवासाला निघालेल्या माणसाला धूळ न लागता, हात फारसे खरकटे न करता खाता यावं, म्हणून कणकेत बंद केलेलं जेवण. मग ती जहाजांवर चढली आणि समुद्रापलीकडे गेली. "ज्या जहाजांतून हा शब्द आमच्याकडे आला त्यांतूनच बाकीचंही सगळं आलं," ती म्हणाली. "शब्द तेवढा खायला चांगला निघाला."

मी तिला सांगितलं की आमचा पाव पोर्तुगीजांनी आणला, आणि पोर्तुगीजांचा पाव नि तुझं पान एकाच आजीची नातवंडं. तेव्हा तू वडापावाची लांबची मावशी लागतेस. ती हसली. सर्जन "ग्रँड" म्हणाला आणि दुसरी उचलून निघून गेला. माणूस सुखी आहे.

खाताना मी मुरड बघत होतो. आत जिरं होतं, कांदा होता, उकडलेल्या अंड्याचा तुकडा होता, पण कडा जशी वळवली होती ती माझ्या आईच्या बोटांची वळवणी होती. मी एकुलता एक मुलगा. घरात मुलगी नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा आईनं मलाच पाटावर बसवलं. ती पाऱ्या लाटायची, सारण भरायची आणि मुरड घालायला माझ्याकडे सरकवायची. कातण्यानं कडा कापणं म्हणजे तिच्या मते आळशी बायकांचं काम. करंजाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून करंजी, असं ती सांगायची. खरंखोटं तिला ठाऊक आणि देवाला. मलिंगार आणि आसपासच्या गावांतल्या आम्हा मराठी डॉक्टरांचा एक गोतावळा आहे, पाचसात घरं. दिवाळीत प्रत्येक घर एकेक पदार्थ करतं आणि सगळीकडे वाटतं. कुणाकडे चकली, कुणाकडे चिवडा, आणि करंज्या माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे खरोखर माझ्याकडे, बायकोकडे नाही. यावरून माझी पुष्कळ थट्टा होत आली आहे आणि करंज्याही पुष्कळ खाल्ल्या गेल्या आहेत.

"तुमचा सण आलाय ना? मग पुढच्या आठवड्यात तुझ्या घेऊन ये," नर्स म्हणाली. "बघू कोणाची मुरड चांगली."

मी म्हटलं, यंदा नाही. गुढीपाडव्यानंतर माझी आई गेली. आमच्यात असं असतं की घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आतल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही. तळण काढायचं नाही, गोडधोड करायचं नाही.

 ती म्हणाली, "म्हणजे काहीच खायचं नाही?"

"खायचं. पण स्वतः करायचं नाही. दुसरे आणून देतात."

"कोण दुसरे?"

"आमची माणसं. सांगावं लागत नाही. ती आणतात."

हे मी ज्या खात्रीनं बोललो, ती खात्री माझ्या डोक्यातली नव्हती, आईच्या स्वयंपाकघरातली होती. नाशिकला आम्ही बँकेच्या कॉलनीत राहायचो. दिवाळीच्या तळणाचा पहिला घाणा आमच्या घरी कधी आम्ही खाल्ला नाही. त्या वर्षी कॉलनीत ज्यांच्याकडे कुणी गेलं असेल, त्यांच्या नावानं तो बाजूला निघायचा. देवाला सुद्धा त्यानंतर. आई स्वतः जायची, दारातच डबा द्यायची आणि शुभ दिवाळी वगैरे काही न बोलता परत यायची. एकदा मी विचारलं, त्यांना वाईट वाटत असेल ना, आपण चकल्या नेऊन दिल्या की? ती म्हणाली, "वाईट तर वाटतंच आहे रे त्यांना. निदान उपाशी तरी वाईट वाटू नये." ज्या बाईशी तिचं नळाच्या पाण्यावरून वर्षभर वाकडं होतं, तिच्या सासऱ्यांच्या वर्षी सुद्धा डबा गेला होता. भांडण नंतर पुन्हा व्यवस्थित चालू झालं.

आई गेली तेव्हा मी इथे ड्यूटीवर होतो. दोन विमानं बदलून पोहोचलो, तोवर माझ्यासाठी तिला शीतपेटीत ठेवलेलं होतं. आयुष्यभर थंडी सोसत नाही म्हणणारी बाई. याबद्दल मी कुणाशी बोललो नाही. परत आलो तर शेजारची आयरिश म्हातारी दारात सँडविचचं ताट आणि ॲपल टार्ट घेऊन उभी होती. इथली माणसं मयताला चुकत नाहीत. आमच्या मराठी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. ते ठीकच. त्यांचं नाणं खरं की खोटं ते दिवाळीला कळेल, असं मी मनात म्हटलं होतं, आणि त्यात काही टोमणा नव्हता. मला खरंच वाटत होतं की कळेल.

तसं वाटायला कारणही मिळालं होतं. दिवाळीला महिना असताना आमच्या गोतावळ्याच्या ताईंचा फोन आला. ताई लहान मुलांच्या डॉक्टर, आमच्यात सगळ्यांत जुन्या, आणि सगळ्या कार्यक्रमांचं नियोजन त्यांचं. म्हणाल्या, "अरे, यंदा तुझ्याकडे तळण नाही, माझ्या लक्षात आहे बरं का. करंज्यांचं काही टेन्शन घेऊ नकोस. डब्लिनपाशी ब्लँचर्डस्टाउनला एक बाई ऑर्डरप्रमाणे करून देते, तिच्याकडून मागवतो. आणि कार्यक्रमाला तुम्ही येणार नाहीच ना? बरोबरच आहे. वर्षाच्या आत कसं येणार?"

मला भरून आलं. परदेशात इतकी वर्षं काढलेल्या बाईला वर्षाची दिवाळी लक्षात आहे, न सांगता लक्षात आहे! मी बायकोला म्हटलं, "बघ, माणसं आहेत." ती म्हणाली, "आहेत ना." ती माझ्याइतकी चटकन विरघळत नाही.

यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले. ज्यांनी इथला हॅलोवीन पाहिला नाही त्यांना सांगतो, अंधार पडला की भुतांचे मुखवटे घातलेली पोरं पिशव्या घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडतात. दाराची घंटा सतत वाजत असते. मी कामावरून लवकर आलो होतो. धनत्रयोदशीला कुणी आलं नव्हतं, पण तो वर्किंग डे होता म्हणून. पहिल्या दिवशी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत कोण येईल, संध्याकाळी येतील, असा माझा हिशेब. घंटा वाजली की मी उठायचो. दारात एक सांगाडा, एक चेटकीण आणि मागे छत्री धरून उभी त्यांची आई. गोळ्या द्यायच्या, दार लावायचं, बसायचं. पुन्हा घंटा, पुन्हा मी. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र पक्क्या इथल्या, वेस्टमीथ परगण्याच्या इंग्रजीत देते. तिनं सोफ्यावरून विचारलं, बाबा, तू दर वेळी एवढ्या घाईनं का उठतोस? गोळ्यांचा वाडगा माझ्याकडे दे, मी बघते. मी म्हटलं, "नको. मला उठायचंय."

लक्ष्मीपूजनाला कुणी आलं नाही. पाडव्याला त्यांचा कार्यक्रम होता. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले: कम्युनिटी हॉलमधली लांब टेबलं, पणत्या, नऊवारी, आणि फराळाची ताटं. माणसं डबे भरून घरी नेतायत असाही एक फोटो होता. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. आपल्या वयाच्या माणसानं असं करू नये, पण केलं. त्यातला एखादा डबा आमचा असेल, परतताना देतील, आमचं घर वाटेवरच आहे, असं मला अजून वाटत होतं.

बायको म्हणाली, "अरे, फोन कर ना ताईंना. विसरल्या असतील."

"विसरल्या नाहीत. त्यांनीच तर मला आठवण केली."

"मग सांग ना सरळ, डबा पाठवा म्हणून."

"मागून आणला तर त्याला भीक म्हणतात," मी ओरडलो. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. तिनं कपाटातून बिस्किटांचा पुडा काढला, चहा केला, आणि भाऊबीज आम्ही त्या बिस्किटांवर काढली. सासूसाठी ती दिवाळीभर तोंड गोड न करता बसली होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. माझ्या आईशी तिचं विशेष कधी जमलं नव्हतं.

सोमवारी कामावर गेलो. चहाच्या खोलीत नर्स भेटली. भेटल्या भेटल्या तिनं विचारलं, "आलं का? तुझ्या माणसांनी आणलं?"

मी म्हटलं, "आलं. भरपूर."

का म्हटलं? झाकली मूठ. आपलेच दात, आपलेच ओठ. एका अर्जेंटिनाच्या बाईसमोर मी माझ्या माणसांची बढाई मारली होती, आता तिच्यासमोर त्यांना उघडं कसं पाडणार? "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर मोकळा झाला. मला स्वतःचा अभिमानही वाटला थोडा. लाज राखली म्हणून.

दुपारी लिफ्टपाशी ताई भेटल्या. त्या आठवड्यातून एकदा आमच्याकडे ओपीडीला येतात. "अरे, कशी झाली दिवाळी? तुम्हाला फार मिस केलं सगळ्यांनी. आणि त्या करंज्या! काय सांगू! नुसते खुळखुळे रे. वरून एवढी मोठी, आत चमचाभर सारण. सगळे म्हणत होते, याच्या हातची सर नाही."

माझा स्वभाव तापट आहे. मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे डबा आला नाही."

"कसला डबा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या नाटक करत नव्हत्या. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"फराळाचा. वर्षाच्या आत ज्यांच्याकडे तळण नसतं, त्यांना बाकीचे पाठवतात. तुमच्याकडे नाही पाठवायचे?"

"अगोबाई!" ताई म्हणाल्या. "अरे, आम्ही मुद्दाम नाही पाठवला! मी सगळ्यांना बजावलं होतं, यांच्याकडे यंदा दुःख आहे, कुणी फराळबिराळ नेऊन देऊ नका, बरं दिसत नाही. एक दोघं निघाले होते द्यायला, मीच नको म्हटलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला चालत नाही ना काही."

निघाले होते! म्हणजे माझा हिशेब चुकला नव्हता.  ही बाई वाईट नाही. माझ्या मुलीच्या तापात रात्र रात्र फोनवर असायची. हिनं माझी आठवण ठेवली, माझ्यासाठी सगळ्यांना दटावलं, आणि मला उपाशी ठेवलं. रीतीतलं काय करायचं नाही ते हिला बिनचूक पाठ होतं: यायचं नाही, बोलवायचं नाही, द्यायचं नाही. पारी पक्की ध्यानात राहिली आणि सारण कुठेतरी विमानतळावर सांडलं. आमच्या पिढीचं सगळ्याच बाबतीत असं झालंय. ज्यात काही करावं लागत नाही तेवढं आम्ही निष्ठेनं पाळतो.

"अरे, पण सांगायचं नाही का?" ताई म्हणत होत्या. "आमच्याकडे हे सगळं आई बघायची रे, मला कुठलं माहीत! थांब, संध्याकाळीच पाठवते. चकल्या आहेत, लाडू आहेत, त्या करंज्याही पुष्कळ उरल्यात."

"नको, ताई."

"रागावलास?"

"हो," मी म्हटलं. "रागावलोय. तुमच्यावर नाही रागावता येत, म्हणून जास्त रागावलोय."

त्या ओशाळल्या. माझ्या दंडावर थोपटून लिफ्टमध्ये शिरल्या. वरातीमागून घोडं आणायची माझी इच्छा नव्हती, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून आलेला निरोप मी न वाचता तसाच ठेवला.

दिवसाचं शेवटचं ऑपरेशन संपलं. पेशंट, एक शेतकरी गडी, भूल उतरताना आपल्या गायींची चौकशी करत होता. नर्स त्याला गायी ठीक आहेत म्हणून सांगत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "तुझं तोंड असं का झालंय?"

मी तिला खरं सांगून टाकलं. कुणी आणलं नाही. सकाळी मी खोटं बोललो.

 तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. माझ्या आईनं मारला असता तसाच.

"मी आणल्या होत्या," ती म्हणाली. "सकाळी गाडीत होत्या. या दिवसांत मांस तुला चालेल की नाही ठाऊक नव्हतं, म्हणून रताळ्याचं गोड सारण भरलं होतं. आमच्याकडे करतात तसं. रविवार सगळा त्यातच गेला. म्हटलं, कुणी आणलं नसेल तर द्यायच्या. पण तू म्हणाला होतास ना, तो मान तुमच्या माणसांचा असतो. त्यांनी आणलंय म्हटल्यावर मी मध्ये कशाला पडू? दुपारी वॉर्डात देऊन टाकल्या."

 त्या शेतकऱ्यानं पुन्हा गायींचं विचारलं.

"छान झाल्या होत्या का?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"छानच झाल्या होत्या. लगेच संपल्या." तिनं शेतकऱ्याचं पांघरूण सारखं केलं. "उद्या करून आणते."

"काल भाऊबीज झाली. दिवाळी संपली."

"मग पुढच्या वर्षी आणीन. नक्की. तू काहीही सांगितलंस तरी आणीन."

मी मान हलवली, थँक्यू म्हटलं आणि गाडीत येऊन बसलो. काच पुसत बसलो उगीच, बाहेरून पाऊस आतून वाफ. तिला कसं सांगणार की पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग नाही? पुढच्या वर्षी आईचं वर्षश्राद्ध झालेलं असेल. माझ्या घरी कढई चढेल, मी पाऱ्या लाटीन, मुरड घालीन, सगळ्यांना डबे पाठवीन आणि सगळे वा वा म्हणतील. आईसाठी दुसऱ्याच्या घरचं खायची दिवाळी माणसाला एकच मिळते, आणि माझी बिस्किटांवर गेली.